दहावा रकाना

माझ्या मामाला ऑफिसात सगळे तोंडावर मामा आणि पाठीमागे मिलिमीटर म्हणायचे. मी त्याच ऑफिसात टाईपिस्ट, त्यामुळे दोन्ही माझ्या कानावर पडायचं. सख्खा मामा माझा, आणि मामा म्हणणार सगळं जग, याचा मला उगीचच राग यायचा. मिलिमीटर म्हटल्याचा यायचा नाही, कारण ते खरं होतं. हा माणूस चहात साखर घालताना चमचा बोटानं सपाट करून घ्यायचा.

ऑफिस म्हणजे हॉस्पिटलच्या देखभालीचं खातं. तळमजल्यावर दोन खोल्या, एकीत साहेब आणि दुसरीत उरलेले आम्ही. नळ गळला, लिफ्ट अडकली, दिवा गेला की लोक येऊन आमच्याशी भांडायचे. मामाशी भांडायला कुणी येत नसे, कारण त्याच्याकडे फक्त एक भिंत होती.

हॉस्पिटलच्या मागे चढ आहे, आणि त्या चढाची माती अडवून धरायला तीन मजली उंच दगडी भिंत. एकोणीस वर्षांपूर्वी तिला वरपासून खालपर्यंत तडा गेला. तेव्हा त्यात पोस्टकार्डही सरकत नव्हतं, आता तीन बोटं जायची. भिंतीला अगदी टेकून वॉर्डाची मागची खोली होती, लांबट, चौदा खाटांची. तडा दिसला त्याच आठवड्यात ती रिकामी केली, आणि मग तिथे मोडक्या खाटा आणि गंजके स्टँड साठत गेले. पुढचा वॉर्ड चालू होता. तिथे जागा पुरत नसे, म्हणून माणसं बोळात गाद्या टाकून पडलेली असायची, आणि आम्ही फायली घेऊन त्यांच्या पायांवरून उड्या मारत जायचो.

तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी तड्याच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पितळी खिळे ठोकून घेतले. नऊ जोड्या. मामाच्या हातात कॅलिपर दिला, म्हणजे दोन दातांमध्ये वस्तू धरून मोजायची ती पट्टी, आणि सांगितलं की दर सोमवारी शिडी लावायची, नऊ अंतरं मोजायची आणि वहीत नऊ रकाने भरायचे. तडा आठवड्याला मिलिमीटरच्या विसाव्या भागानं रुंदावत होता. मामा तेव्हा नवखा होता. घाबरून साहेबांकडे गेला, की हा तर वाढतच चाललाय. साहेब म्हणाले, वाढू द्या. ज्या चालीनं वाढतोय त्याच चालीनं वाढतोय तोवर मी निवांत झोपतो. चाल बदलली की मला उठवा. ते साहेब पुढे निवृत्त झाले, मग वारलेही. त्यांना उठवायची जबाबदारी मात्र मामाच्या गळ्यात तशीच राहिली.

एकोणीस वर्षांत त्यानं एक सोमवार चुकवला नाही. माझं लग्न सोमवारी होतं. मामा आधी भिंत मोजून आला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवता ठेवता माझ्या वडिलांना म्हणाला, विसावा भाग. मामी नेहमी म्हणायची की ह्यांना भिंत केसभर हललेली दिसते, पण न्हाणीघरातला नळ सोळा वर्षं गळतोय तो दिसत नाही. यावर मामाचं उत्तर ठरलेलं होतं, की तो एकसारखा गळतोय ना, मग काळजी नाही.

मामाच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. रविवारी दुपारी दोघं बुद्धिबळ खेळायचे, म्हणजे सोंगट्या मांडून वाद घालायचे. वाद एकच, वर्षानुवर्षांचा. मास्तर म्हणायचे, जगात सगळं बदलतं, बदल तेवढा कायम. मामा म्हणायचा, मास्तर, बदल कायम असेल तर निदान एक गोष्ट तरी न बदलणारी निघाली, मग सगळं बदलतं हे तुमचं म्हणणं खोटं झालं. आणि बदलही कधीतरी बदलणार असेल, तर बदलून तो होणार काय? मास्तर घोडा हलवायचे आणि मामीला चहा टाकायला सांगायचे. माझ्या मते दोघांनाही काम नव्हतं. पण मामाला त्या भिंतीमुळे हा प्रश्न खरोखरीचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

मग एका सोमवारी नऊच्या नऊ आकडे मागच्या सोमवारचेच आले. मामानं तीनदा मोजले. रकान्यांत आकडे लिहिले, फरकाच्या जागी शून्य टाकलं आणि वही नेहमीसारखी माझ्या टेबलावर ठेवली. मी महिन्याच्या अहवालासाठी आकडे उतरवून घेतले. मला वाटलं, बरं झालं, टाईप करायला सोपं.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा शून्य. या वेळी मामाचा चेहरा उतरला होता. त्यानं मला ऑफिसातून ओढत भिंतीपाशी नेलं, शिडीवर चढवलं आणि कॅलिपर हातात देऊन म्हणाला, तू वाच, माझे डोळे गेले असतील. मी वाचलं. तोच आकडा. मग त्यानं खिशातून एक नाणं काढून कॅलिपरनं मोजलं, कारण कॅलिपर बिघडला असेल. नाणं बरोबर भरलं. डोळेही शाबूत, कॅलिपरही शाबूत. मामा शिडीच्या पायरीवर बसला आणि भिंतीकडे बघत राहिला.

साहेबांना कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठून बाहेर आले. आमचे हे साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगते. बोळातल्या गाद्यांवरून रोज त्यांना वरून बोलणी बसायची, खालून शिव्या बसायच्या, आणि दोन्ही ते मुकाट खायचे. त्यांनी मामाची पाठ थोपटली. भिंत स्थिरावली म्हणाले. तिसऱ्या सोमवारीही शून्य आलं तर मागची खोली उघडायची, चौदा माणसं बोळातून खाटेवर जातील, वर तसं कळवून टाकतो. मामा म्हणाला, चाल बदलली आहे साहेब, आणि चाल बदलली तर उठवा असं मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. साहेब हसून म्हणाले की त्यांचा अर्थ चाल वाढली तर असा होता. मामा पुटपुटला, तसं ते म्हणाले नव्हते. पण साहेब तोवर फोनपाशी पोचले होते.

त्या आठवड्यात मामानं जिवाला घोर लावून घेतला. मंगळवारी मोजलं, बुधवारी मोजलं, गुरुवारी दोनदा. जेवताना हात ताटातच थांबायचा. मामीनं मला बोलावून विचारलं की ऑफिसात काही भानगड आहे का. मी म्हटलं, भानगड नाही हीच भानगड आहे, तडा वाढायचा थांबलाय. मामी म्हणाली, मग पेढे वाटायचे सोडून हे असे का बसलेत.

रविवारी मास्तर खाली आले. त्यांना बातमी कळली होती आणि ते जरा चिडवायच्या बेतात होते. म्हणाले, तुझ्या भिंतीनं मला खोटं पाडलं बघ, बदल थांबला.

"नाही मास्तर," मामा म्हणाला. "जी एकोणीस वर्षं सतत बदलत होती, ती आता बदलत नाही. याच्याएवढा मोठा बदल तिच्यात कधी झाला नव्हता."

मास्तर म्हणाले की असं धरलं तर चालणं हाही बदल आणि थांबणं हाही बदल, मग माणसानं निर्धास्त व्हायचं तरी कधी. ते गमतीत बोलत होते. मामानं मान हलवली आणि म्हणाला, तेच तर मी तुम्हाला इतकी वर्षं विचारतोय. त्या दिवशी सोंगट्या मांडल्याच नाहीत, आणि चहा न घेताच मास्तर वर गेले.

तिसऱ्या सोमवारी शून्य आलं. मामानं शून्य लिहिलं. मला माहीत आहे की त्याच्या मनात खोटा आकडा लिहायचं येऊन गेलं होतं, कारण पेन हातात धरून तो बराच वेळ माझ्या टेबलापाशी उभा होता. पण मग त्यानं लिहिलं ते शून्यच. मी त्याच दिवशी मंजुरीचं पत्र टाईप केलं, तीन सलग शून्यांचा दाखला देऊन. मंगळवारी खोली धुतली, बुधवारी खाटा लागल्या, दुपारपर्यंत चौदा माणसं आत गेली. बोळ मोकळा झाला. कित्येक वर्षांनी आम्ही तिथून सरळ चालत गेलो, उड्या न मारता, आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

गुरुवारी सकाळी मी आणि मामा एका फायलीसाठी वॉर्डात गेलो होतो. मागच्या खोलीच्या दाराशी हॉस्पिटलचा सुतार रंधा मारत बसला होता आणि दाराच्या आईबापांचा उद्धार करत होता. मामा सहज थांबला. काय झालं विचारलं. सुतार म्हणाला, दार घासतंय. मागच्या शनिवारी साफसफाईला उघडलं तेव्हा तासून दिलं. सोमवारी पुन्हा अडकलं, पुन्हा तासलं. काल खाटा नेताना अडकलं, आज पुन्हा. सहा दिवसांत चौथी खेप. लाकूड फुगतंय म्हणावं तर हवा ही अशी कोरडी ठणठणीत.

"दाखव," मामा म्हणाला.

त्यानं दार लोटून बंद केलं आणि चौकटीवरून बोट फिरवलं. वरच्या एका कोपऱ्यात दार चौकटीत रुतलं होतं, तिथलं लाकूड बोटभर तासून गेलेलं. शेजारच्या कोपऱ्यात मात्र फट होती, अंगठा जाईल एवढी. मामानं वाकून खालचे कोपरे पाहिले. मग म्हणाला की दार फुगत नाहीये, चौकट तिरपी होतेय. सुताराला ते पटलं नाही, कारण चौकट त्यानंच बसवली होती.

मामाचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, इथेच कोसळतो, निदान हॉस्पिटलात तरी आहोत. मी त्याला बाकावर बसवलं. समोरून दोन वॉर्डबॉय एका म्हातारीला स्ट्रेचरवरून आणत होते. मामानं त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"ते दोघं बघ. त्यांच्यातलं अंतर मी मोजत बसलो तर काय येईल? रोज तेवढंच. मी लिहीन शून्य. आणि ते निघालेत कुठून कुठे."

मला कळायला एक क्षण लागला. तडा रुंदावत नव्हता, कारण भिंतीच्या दोन्ही बाजू आता मिळून पुढे सरकत होत्या. एक काठ दुसऱ्या काठाशी ताडून पाहायचा एवढंच मामानं एकोणीस वर्षं केलं होतं, आणि दोन्ही काठ एकाच चालीनं निघाले तर वहीत शून्य येणार. भिंत पुढे येत होती, खोलीला ढकलत होती, आणि खोलीत कालपासून चौदा माणसं होती.

मी म्हटलं, मग बाहेरच्या कुठल्या तरी जागेपासून भिंत मोजायला हवी होती. त्यावर मामानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. वहीत सुरुवातीला नऊ नव्हे, दहा रकाने होते. मोठ्या साहेबांनी अंगणात एक लोखंडी खांब पुरून घेतला होता, आणि खांबापासून भिंतीच्या उघड्या भागापर्यंतचं अंतर दहाव्या रकान्यात लिहायचं होतं. अकरा मीटर बावीस सेंटिमीटर. आठ वर्षं दर सोमवारी तेच. एकदाही बदललं नाही. मग अंगणात सायकलींची शेड झाली, मध्ये पत्रा आला, टेप सरळ लावता येईना. मोठे साहेब तेव्हा नव्हते. तेव्हाच्या साहेबांनी मामालाच विचारलं की शेडला भोक पाडायचं का. मामा म्हणाला होता, नको, तो आकडा कधी बदलतच नाही, लिहून काय उपयोग.

"जे बदलत होतं ते जपलं," मामा म्हणाला. "आणि जे बदलत नव्हतं ते मीच खोडून टाकलं. मीच."

आम्ही सुताराला घेऊन अंगणात गेलो. त्यानं शेडचा एक पत्रा उचकटला, दोन सायकली बाजूला टाकल्या. मी खांबाशी टेपचं टोक धरलं, मामा भिंतीपाशी गेला. अकरा मीटर एकोणीस. पुन्हा मोजलं. अकरा एकोणीस. तिसऱ्यांदा सुतारानं वाचलं, तेही तेवढंच. भिंत तीन सेंटिमीटर पुढे आली होती. पण कधी? अकरा वर्षांत थोडी थोडी, की या तीन आठवड्यांत? ते सांगणारा रकानाच नव्हता.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दार बघून आले, टेप स्वतः धरून पाहिला. मग आपल्या खोलीत आम्हाला बसवलं आणि एक प्रश्न विचारला, जो मला अजूनही अन्यायाचा वाटत नाही. खांब सरकला नसेल कशावरून? अकरा वर्षं त्याला सायकली टेकवल्यात, शेड बांधताना कुणी धक्का दिला असेल. भिंत तीन सेंटिमीटर इकडे आली की खांब तीन सेंटिमीटर तिकडे गेला, हे टेप थोडंच सांगतो.

मला सगळं बदलतं म्हणणाऱ्या मास्तरांची आठवण झाली आणि त्यांचा भयंकर राग आला.

साहेब म्हणाले की त्यांनाही भीती वाटतेय. पण चौदा माणसं उचलून पुन्हा बोळात टाकायची तर वर लेखी कारण द्यावं लागेल. दार अडकतंय, हे कारण होत नाही. सर्व्हेवाल्यांना बोलावता येईल, पण ते येणार आठ-दहा दिवसांनी. मंजुरी मिळाली ती तुमच्या तीन शून्यांवर, मामा. ती मंजुरी आज मागे घ्यायची तर एकच वाट आहे. ज्या मोजमापांवर ती दिली ती भरवशाची नाहीत, असं कुणीतरी लिहून द्यायला हवं. आणि ते फक्त मोजणाराच लिहू शकतो.

मामा म्हणाला, देतो. ती तीन मोजमापं भरवशाची नाहीत असं देतो.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, तीन कशी चालतील. तोच कॅलिपर, तेच खिळे, तोच माणूस. ही तीन चुकीची तर आधीची हजार बरोबर कशावरून, असं वर पहिल्याच वाक्याला विचारतील, आणि कागद परत येईल. द्यायचं तर एकोणीस वर्षांचं द्यावं लागेल.

भिंतीपलीकडे लिफ्टचं दार उघडमिट करत होतं, ती तक्रार तीन दिवस पडून होती. मी मामाकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मी रडले असते. मी साहेबांना म्हटलं की त्याचा एकही आकडा चुकलेला नाही, एक तरी दाखवा. माझा आवाज चढला होता. साहेब म्हणाले, मला माहीत आहे.

"टाईप कर," मामा मला म्हणाला.

"मामा, हे खोटं आहे."

"आकडे खरे आहेत. भरवसा खोटा होता. भरवशाचंच लिहायचंय ना? कर टाईप."

मी केलं. गेल्या एकोणीस वर्षांत मी घेतलेली मोजमापं भिंतीच्या सुरक्षिततेबाबत विश्वासार्ह धरू नयेत. दोनदा चुकलं, कागद बदलावे लागले. मामानं सही करायच्या आधी ते वाक्य बोट ठेवून वाचलं आणि एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार द्यायला लावला. मग सही केली, तारीख घातली आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते.

दीड वाजेपर्यंत खोली रिकामी झाली. ते दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. एकेक खाट बाहेर येत होती आणि मामा आत भिंतीला पाठ लावून उभा होता, जणू तो धरून ठेवणार होता. मी त्याला बाहेर ये म्हणून ओरडत होते आणि तो बोटांनी मोजत होता, नऊ राहिले, आठ राहिले. एका माणसाला सलाईन चालू होतं, ते संपल्याशिवाय हलवायला सिस्टर तयार नव्हत्या. वीस मिनिटं गेली. बाटलीतला थेंब पडायचा आणि मी छताकडे बघायचे. शेवटचा माणूस बाहेर आल्यावर सुतारानं दार ओढलं. ते पुन्हा अडकलं. त्यानं रंध्याला हात लावला नाही, खांद्यानं रेटून बंद केलं आणि आडवी फळी ठोकली.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोळात पुन्हा गाद्या आल्या, आम्ही पुन्हा उड्या मारू लागलो, आणि लोकांनी बोलायला सुरुवात केली. कागदातलं वाक्य कुणाच्या तोंडून फुटलं कोण जाणे, पण आठवडाभरात ते सगळीकडे झालं, म्हणजे त्याचा गाभा तेवढा झाला. मिलिमीटरनं एकोणीस वर्षं घरबसल्या आकडे ठोकले. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस मला म्हणाला, तुमचे मामा भारीच निघाले. मी त्याला जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. मामाचं भिंतीचं काम काढून घेतलं आणि त्याला नळांच्या तक्रारी लिहायला बसवलं. मामीनं यावर काही टोमणा मारला नाही, त्यावरून मला घरातली परिस्थिती कळली.

नवव्या दिवशी सर्व्हेवाले आले. त्यांनी समोरच्या टेकडीवर तिपाई लावली आणि दोन दिवस दुर्बिणीतून बघत राहिले. भिंत सरकत होती, अख्खी, आणि बऱ्यापैकी जोरात. अंगणातला खांबही सरकला होता, भिंतीपेक्षा कमी, पण सरकला होताच. म्हणजे साहेबांची शंका बरोबर होती आणि मामाची भीतीही. मागची खोली कायमची बंद करून भिंत वरून थोडी थोडी उतरवायची ठरलं. ते काम अजून चालू आहे, रोज दगड निघतात. त्यांच्या अहवालात मामाचा उल्लेख नाही. त्या कागदाचाही नाही. तो फायलीत आहे, सहीसकट, आणि कुणी तो रद्द केलेला नाही. मी साहेबांना दोनदा विचारलं. ते म्हणाले की रद्द करायला एक नवा कागद लागेल आणि त्यावर कोण काय लिहिणार.

मामाला अहवाल मी वाचून दाखवला. त्यानं फक्त एवढंच विचारलं की समोरची टेकडी जागेवर आहे हे त्यांनी कशावरून ठरवलं. मी म्हटलं, मामा, पुरे.

काल त्याला बोळातल्या नळाची तक्रार लिहायला जायचं होतं, मी सोबत गेले. नळाशेजारच्या गादीवर एक म्हातारी होती, त्या चौदातली. बिचारीला मागच्या खोलीत खिडकीजवळची खाट मिळाली होती, एक दिवस. ती शेजारणीला सांगत होती, आमच्याकडे बघतच, की कुणी एक मोजणारा होता म्हणे, फुकट पगार खायचा आणि मनाचे आकडे लिहायचा, त्याच्या पायी आम्हाला पुन्हा जमिनीवर आणून टाकलं. मेल्याला काही वाटत नसेल का.

मी तोंड उघडलंच होतं. मामानं माझा दंड धरला. मग तो वाकला आणि म्हातारीला विचारलं की आजी, नळाचं पाणी अंगावर उडतं का. ती म्हणाली, रोज उडतं, कोण बघतंय. मामानं तिची गादी दोन हात पलीकडे ओढून दिली, उशी नीट केली आणि तक्रार लिहून घेतली. म्हातारीनं त्याला आशीर्वाद दिला.

बाहेर आल्यावर मी भडकले. म्हटलं, सांगायचं होतंस ना तिला, की तू जिवंत आहेस ती त्या मोजणाऱ्यामुळेच. मामा अंगणात थांबला. वर भिंतीवर माणसं दगड काढत होती आणि त्याची नजर तिकडे होती.

"पहिल्या सोमवारी शून्य आलं ना," तो म्हणाला, "तेव्हा मला बरं वाटलं होतं गं. काळजी नंतर लागली. आधी शिडीवर उभा राहून मी म्हटलं, सुटलो बाबा एकदाचा. चाल बदलली होती, आणि मी कुणालाही न उठवता खाली उतरलो, सबंध आठवडा छान झोपलो. ते त्या कागदात लिहायचं राहून गेलं."